हृदयपरिवर्तनानंतरचा खलनायक : 'डिस्पिकेबल मी २'मधील पितृत्वाचा प्रश्न

दुर्जनाच्या हृदयपरिवर्तनाची कथा बहुधा परिवर्तनाच्या क्षणीच थांबते. वाल्याचा वाल्मीकी झाला की एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते. दोहोंच्या मध्ये वारूळ असते. वारुळातून बाहेर आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कोणता उद्योग धरला, जुने साथीदार वाटेत भेटले तेव्हा त्यांच्याशी तो काय बोलला, हातात मुरलेली सवय हातातून कशी गेली, हे विचारण्याची गरज कथापरंपरेला सहसा वाटलेली नाही. पिएर कॉफँ आणि ख्रिस रेनॉ यांनी दिग्दर्शित केलेला 'डिस्पिकेबल मी २' (२०१३) हा अमेरिकन अ‍ॅनिमेशनपट या न विचारलेल्या प्रश्नांपासून आरंभ करतो. जगभरात ९७ कोटी डॉलरांच्या आसपास उत्पन्न मिळवणाऱ्या, लहानांसाठीच्या विनोदी चित्रपटाकडे करमणुकीपलीकडे पाहण्याचे कारण नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या चित्रपटाने एक अवघड प्रश्न हाती घेतला, काही काळ तो प्रामाणिकपणे हाताळला आणि अखेरीस त्यापासून माघार घेतली. त्याचे यश आणि त्याचे अपयश या दोन्हींचा विचार त्या प्रश्नाच्या अनुषंगानेच करावा लागतो.

पहिल्या भागात (२०१०) ग्रू हा चंद्र चोरण्याची महत्त्वाकांक्षा बाळगणारा खलनायक आहे. प्रतिस्पर्धी व्हेक्टरच्या अभेद्य घरात शिरकाव करण्यासाठी बिस्किटे विकणाऱ्या तीन अनाथ मुली उपयोगी पडतील, एवढ्याच हिशेबाने तो मार्गो, ईडिथ आणि अ‍ॅग्नेस यांना दत्तक घेतो. पुढे हिशेब चुकतो आणि माणूस हाती लागतो. वाल्याच्या कथेशी या कथेचे नाते उलट्या बाजूने जुळते. वाल्याला शहाणपण येते ते कुटुंबाच्या नकारामुळे. पापात वाटेकरी होण्यास घरच्यांनी नकार दिला आणि त्या नकारानेच तो प्रपंचाबाहेर ढकलला गेला. ग्रूला मुळात प्रपंचच नव्हता. होती ती केवळ एक आई, आणि तिने त्याच्या लहानपणच्या प्रत्येक धडपडीवर पाणी ओतलेले होते. तो सुधारतो तो घर सोडून नव्हे, घर मिळाल्यामुळे. परिणामी वाल्मीकीच्या वाट्याला महाकाव्य येते. ग्रूच्या वाट्याला वाढदिवस, शाळेतला कार्यक्रम आणि जॅम-जेलीचा कारखाना येतो.

या कारखान्याकडे टीकाकारांनी सहज दुर्लक्ष करावे अशीच त्याची मांडणी आहे. पण दुसऱ्या भागाचे मर्म तेथेच आहे. पृथ्वीला हादरवणारी शस्त्रे ज्या तळघरात तयार होत, तेथे आता फळांचा गर उकळतो. जेली बेचव आहे. ती कोणालाही आवडत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ग्रूलाही ठाऊक असावे. सद्गुण हा आपोआप चविष्ट असतो, ही बोधकथेची लाडकी समजूत येथे फारशी चर्चा न करता मोडीत निघते. वृद्ध शास्त्रज्ञ डॉ. नेफारिओ ग्रूला सोडून जातो तो याच कारणाने. त्याला दुष्टपणाची आठवण येते. दुसरीकडे काम मिळाले आहे, तेथे दुष्टपणाला वाव आहे, असे तो काहीशा संकोचाने सांगतो. ग्रू त्याला अडवत नाही. तोफांच्या सलामीचे एक ओंगळ विडंबन करून निरोप देतो. हसवण्यासाठी योजलेला हा प्रसंग वस्तुतः वियोगाचा आहे. दुष्कृत्यांच्या काळात या दोघांमध्ये जे सख्य होते ते खरे होते, आणि चांगले होण्याची किंमत म्हणून ते गमवावे लागले, एवढे हा चित्रपट निःसंकोचपणे कबूल करतो. पश्चात्तापाच्या कथांमध्ये ही कबुली दुर्मीळ आहे. तेथे जुने सोबती एक तर नरकात जातात किंवा नायकाच्या मागोमाग सुधारतात.

पितृत्वाचे चित्रण या पार्श्वभूमीवर उभे राहते. आरंभीच्या प्रसंगात अ‍ॅग्नेसचा वाढदिवस आहे आणि ठरलेली परी येऊ शकत नाही. तेव्हा ग्रू स्वतःच गुलाबी झगा आणि पंख लावून परी होतो. स्थूल देह, लांब नाक, बारीक पाय आणि त्यांवर परीचा साज, असा हा विनोद ढोबळ आहे. परंतु प्रसंगाचा शेवट ढोबळ नाही. अ‍ॅग्नेस परीचे आभार मानते आणि मग हळूच सांगते, की हे बाबाच आहेत हे तिला कळले आहे. इतर मुलांसाठी ती न कळल्याचे सोंग करते आहे. पहिल्या भागात याच माणसाने मुली मिळवण्यासाठी दंतवैद्याचे सोंग घेतले होते. त्या सोंगाचा हेतू फसवणूक हा होता आणि अनाथालय फसले. दुसऱ्या सोंगात कोणी फसत नाही. बाप मुलीसाठी सोंग घेतो आणि मुलगी बापाच्या सोंगाला सांभाळून घेते. खलनायकाचे जुने कसब, म्हणजे वेषांतर, नष्ट होत नाही. ते एका वेगळ्या व्यवहारात रुजू होते. सुधारणा म्हणजे पूर्वीच्या माणसाचा मृत्यू नव्हे, हे या एका प्रसंगात संवादांच्या चार ओळींत सिद्ध होते.

सोंगाचा हाच धागा पुढे अधिक दुखऱ्या ठिकाणी जातो. शाळेतील मातृदिनाच्या कार्यक्रमात अ‍ॅग्नेसला आईविषयीची कविता म्हणायची आहे. ती घरी सराव करते तेव्हा शब्द बरोबर येतात, पण त्यांत जीव नसतो. यंत्राने पाठ म्हणावा तसा तिचा सूर सपाट आहे. ग्रू तिला कल्पना करायला सुचवतो. आई असल्याचे सोंग करायचे का, असे ती विचारते, आणि ते आपण नेहमीच करतो असे सहजपणे सांगते. या वाक्यावर पटकथाकार सिन्को पॉल आणि केन डॉरिओ थांबत नाहीत, संगीतही त्यावर जोर देत नाही. एवढा संयम या चित्रपटात अन्यत्र आढळत नाही. येथे प्रेक्षकासमोर खरा प्रश्न उभा राहतो. ज्या मुलीला परीच्या वेषातला बाप पुरतो, तिला आईच्या जागी तोच बाप पुरेल काय?

हा प्रश्न केवळ चित्रपटापुरता नाही. एकट्या पुरुषाने मुली वाढवाव्यात याकडे समाज संशयाने पाहतो. भारतात दत्तकविधानाच्या नियमांनुसार एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेताच येत नाही, ही गोष्ट येथे आठवावी. ग्रू भारतात असता तर ही कथा पहिल्या अंकातच संपली असती. साहित्याने मात्र या प्रश्नाला फार पूर्वी धीट उत्तर दिलेले आहे. जॉर्ज एलियट यांच्या 'सायलस मार्नर' (१८६१) या कादंबरीतील विणकर खलनायक नव्हे. चोरीच्या खोट्या आळाने माणसांतून उठलेला, सोन्याच्या नाण्यांत जीव गुंतवून बसलेला तो एकलकोंडा आहे. नाणी चोरीला जातात आणि त्यांच्या जागी चुलीपाशी एक पोरके मूल सापडते. सायलस ते एकट्याने वाढवतो. डॉली विन्थ्रॉप ही शेजारीण त्याला अंघोळ-कपड्यांपासून देवाधर्मापर्यंत सर्व शिकवते, परंतु कादंबरीकर्तीला त्या दोघांचा संसार मांडण्याची गरज भासत नाही. ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' (१८६२) मधील जाँ व्हालजाँ या मुक्त बंदिवानाचेही तसेच. त्याच्या पितृत्वाला जोडीदाराचा आधार नाही, आणि त्याची कसोटी लागते ती मुलगी दुसऱ्या कोणावर प्रेम करू लागते तेव्हा.

ही दुसरी कसोटी 'डिस्पिकेबल मी २'मध्येही आहे, फक्त तिला विनोदाचा मुलामा आहे. मार्गो अंतोनिओ नावाच्या मुलावर भाळते आणि ग्रू कासावीस होतो. अंतोनिओचा बाप एदुआर्दो हाच आपण शोधत असलेला खलनायक एल माचो, असा त्याचा संशय आहे. या संशयात गुप्तहेराची तर्कबुद्धी किती आणि बापाची असूया किती, हे चित्रपट बराच काळ उघड करत नाही, आणि ही संदिग्धता कथेच्या हिताची ठरते. दुर्दैवाने संशय खरा निघतो. त्यामुळे बापाच्या असूयेला स्वतःकडे वळून पाहण्याची वेळच येत नाही. व्हालजाँ स्वतःशी झगडून मारियसला वाचवतो. ग्रू शीतास्त्राने अंतोनिओला गोठवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. एदुआर्दोच्या रूपाने ग्रूला एक प्रतिबिंब लाभले होते. तोही बाप आहे, तोही निवृत्त आहे, तोही व्यापारी केंद्रात साधा धंदा थाटून बसला आहे. फरक इतकाच, की त्याची निवृत्ती हे सोंग आहे. या साम्याचा उपयोग पूर्ण झाला असता तर चित्रपटाची उंची वाढली असती. त्याऐवजी मेक्सिकन माणसाविषयीच्या ठरीव कल्पनांचे, म्हणजे उघडी छाती, नाच आणि तिखट खाणे यांचे, एक पात्र तयार झाले आहे, आणि स्वतःच्या मुलाशी त्याचे नाते कसे आहे हे पाहण्याची उत्सुकता कोणी दाखवलेली नाही.

मिनियनांच्या रूपांतराची कल्पना मात्र नेटकी आहे. चोरलेल्या रसायनाने हे निरागस पिवळे सेवक जांभळे, हिंस्र आणि अविनाशी होतात. खलनायकाच्या घरात राहूनही जे कधी दुष्ट नव्हते, त्यांनाच आता दुष्टपणा बाहेरून टोचला जातो. उतारा सापडतो तो त्या बेचव जेलीत. नेफारिओ परततो, उतारा जेलीत मिसळला जातो आणि ज्या पदार्थाला गिऱ्हाईक नव्हते तोच कामी येतो. कंटाळवाण्या सज्जनतेचा एवढा चांगला उपयोग बालचित्रपटात क्वचितच झाला असेल.

असे असताना चित्रपट विवाहाकडे का वळतो? ल्युसी वाइल्ड ही गुप्तहेर स्वतंत्रपणे पाहता लोभस आहे. तिचा उत्साह ग्रूच्या खिन्नतेला शोभून दिसतो. शेजारीण जिलियनने जुळवलेल्या शॅननशी झालेल्या भेटीच्या प्रसंगात मात्र चित्रपटाची रुची ढळते. गुंगीचा बाण लागून बेशुद्ध पडलेली स्त्री मोटारीच्या टपावर बांधून घरी पोचवणे यात हसण्यासारखे काय आहे, हे पटत नाही. तोपर्यंत ग्रूला शाळकरी वयातील अपमानामुळे स्त्रियांची भीती वाटते, हे कळलेले असते. म्हणजे विवाह हा त्याच्या स्वतःच्या जखमेवरचा उपाय ठरू शकला असता, आणि तेवढेच कारण पुरेसे होते. परंतु पटकथा त्याला मुलींच्या उणिवेची भर घालते. १४७ भेटींनंतर लग्न होते. त्या समारंभात अ‍ॅग्नेस बोलायला उभी राहते, आता सोंग करावे लागत नाही असे सांगते आणि मातृदिनाची तीच कविता म्हणते, या वेळी ओलाव्याने. प्रसंग हृद्य आहे आणि तो पाहताना डोळे पाणावणे चुकीचे नाही. तरीही आरंभी परीचा झगा घातलेल्या बापाने जे मिळवले होते, ते येथे हलक्या हाताने काढून घेतले जाते. अ‍ॅग्नेसचा सूर सपाट होता तो आई नव्हती म्हणून, हे उत्तर आता पक्के होते. शाळेने आई नसलेल्या मुलीला ती कविता का द्यावी, हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही.

निर्मात्यांनाही हा शेवट पुरला नाही असे दिसते. तिसऱ्या भागाच्या (२०१७) आरंभीच ग्रू आणि ल्युसी या दोघांची नोकरी जाते, पुन्हा दुष्टपणाकडे वळण्यास ग्रू नकार देतो म्हणून मिनियन त्याला सोडून जातात, आणि खलनायकी शिकण्यास आतुर असलेला एक जुळा भाऊ दारी येऊन उभा राहतो.