‘पडीक’ म्हणजे कुणासाठी पडीक? किंग्ज क्रॉसचं कोल ड्रॉप्स यार्ड

संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या खर्ड्यात लंडनच्या किंग्ज क्रॉस मालयार्डाबद्दल मी लिहिलं होतं, ‘नंतर जागा पडीक.’ गाईडनी ‘पडीक’भोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘कुणासाठी?’ त्या एका प्रश्नात माझे सहा महिने गेले.

आधी यार्ड चालायचं कसं ते बघू. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचं हे यार्ड १८५०च्या दशकातलं. १८५२ची धान्याची वखार लुईस क्यूबिटची. शेजारच्या रीजंट्स कालव्याचं पाणी थेट तिच्याखाली आणलं होतं, कारण माल होड्यांतूनही जायचा. कोल ड्रॉप्सची रचना तर फारच हुशार. उत्तरेकडून आलेल्या कोळशाच्या वाघिणी वरच्या मजल्यावर उभ्या राहायच्या, कोळसा खालच्या कप्प्यांत पडायचा, तिथून पोत्यात, पोतं घोडागाडीत. म्हणजे इमारत हेच यंत्र!

२०१८मध्ये हीदरविक स्टुडिओने दोन कोल ड्रॉप्सची छपरं वाकवून मधोमध एकमेकांना टेकवली आणि खाली दुकानं आली. छपराचं वळण देखणं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वरून खाली पडणं हीच ज्या इमारतीची गोष्ट, तिथे नजर सगळी वर छपराकडे जाते. विटा जपल्या, त्या विटांचं काम मात्र वाचता येत नाही. वखारीत २०११मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय आलं. तिथे निदान हात काळे करणारी माणसं आहेत.

आता ‘पडीक’कडे येऊ. कॅमली स्ट्रीटचं निसर्ग उद्यान १९८५मध्ये जुन्या कोळशाच्या यार्डावरच सुरू झालं. १९९०च्या दशकात याच कमानींखाली बॅग्लीज, द क्रॉस असे नाइटक्लब चालत होते. पुनर्विकासाची कथा हा काळ एका वाक्यात उरकते: कोळसा होता, ओसाड पडलं, आम्ही आलो. एकदा ‘ओसाड’ ठरलं की आधी तिथे असलेल्यांची किंमत धरावी लागत नाही. आणि मी तेच वाक्य, बिल्डरचा एक रुपया न घेता, स्वतःच्या प्रस्तावात लिहिलं होतं.

तुम्ही अशा जागेवर काम करणार असाल तर नकाशावरच्या रिकाम्या दशकापासून सुरुवात करा. मी सध्या क्लबची पत्रकं आणि परवान्यांचे कागद शोधतेय. खर्ड्यातली ती ओळ खोडली आहे, तिथे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.