व्हिव्ह मावशीचा हिशोब कोण देणार?

अमेरिकेतल्या एका विनोदी मालिकेवर आपल्या पानांत कशाला लिहायचं, असं काही दोस्त विचारतील. विचारू द्या. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडनं घेतलं. नाव घेतलं तर त्यांच्या घरातलं भांडणबी बघाय पाहिजे. नुसती वर उचललेली मूठ बघून माणूस कळत नाही. तो कशावर हसतो, कशावर रडतो आणि रडून झाल्यावर काय विसरतो, ते बघावं लागतं.

मालिकेचं नाव 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'. १० सप्टेंबर १९९० ला ती एनबीसीवर सुरू झाली, मे १९९६ मध्ये संपली. सहा सीझन, १४८ भाग. गोष्ट साधी. वेस्ट फिलाडेल्फियातला एक काळा पोरगा, नाव विल. वस्तीत मारामारी होते, आई घाबरते आणि त्याला आपल्या बहिणीकडं पाठवून देते. बहीण राहते लॉस एंजेलिसच्या बेल-एअरमध्ये. मोठा बंगला, दारात गाड्या, घरात इंग्रज बटलर. मावशीचा नवरा फिल काका वकील, पुढं जज्ज होतो. विलचं काम केलं विल स्मिथनं, काकाचं जेम्स एव्हरीनं आणि व्हिव्ह मावशीचं जॅनेट ह्यूबर्टनं.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी सांगतो ते पहिल्याच भागातलं. विलच्या खोलीत माल्कम एक्सचं पोस्टर आहे. तो काकाला तोंडावर म्हणतो, तुम्ही बंगल्यात आला आणि कुठनं आला ते विसरला. काका गप बसत नाही. तो म्हणतो, तुझ्या भिंतीवर माल्कमचा फोटो आहे, मी त्याचं भाषण प्रत्यक्ष ऐकलंय, त्यानं लिहिलेला शब्द न्‌ शब्द वाचलाय. मी कुठनं आलो ते मला ठाऊक आहे.

दोस्तहो, हे भांडण आपल्या ओळखीचं आहे का नाही? वस्तीतला पोरगा आणि क्वार्टरमधला साहेब, दोघांच्या भिंतीवर फोटो एकच. कोण खरा, याचा निकाल लागत नाही. ही मालिका निव्वळ करमणूक नव्हती म्हणतो ती यासाठी.

त्याच सीझनमध्ये पोरांना शाळेत काळ्यांचा इतिहास शिकायचा असतो. शिकवायला येते खुद्द व्हिव्ह मावशी, कारण ती प्राध्यापक. पोरांना वाटतं घरचीच बाई, सोपं जाईल. मावशी घाम काढते. विल कुरकुरतो, मी माल्कमचं आत्मचरित्र वाचलंय, मला काय शिकवता? मावशी सांगते, पुस्तक वाच, टी-शर्ट घाल, पोस्टर लाव, घोषणा दे, पण मागचा सगळा इतिहास ठाऊक नसेल तर तू त्या माणसाचं मोल कमी करतोस. आपल्याकडच्या किती सभांत हे कुणी इतकं सरळ सांगितलंय?

दुसऱ्या सीझनमध्ये हीच मावशी चाळीशीत पुन्हा नाचायला निघते. कोवळ्या पोरी तिच्याकडं बघून नाकं मुरडतात. ती गुलाबी कपड्यांत उभी राहते आणि असं नाचते की पोरींची तोंडं बंद होतात. ते नाचणं उसनं नव्हतं. ह्यूबर्ट १९८२ साली ब्रॉडवेवरच्या 'कॅट्स'च्या पहिल्या संचात होती. गडद काळ्या रंगाची, शिकलेली, ठाम बोलणारी, देखणी, नवऱ्याला आणि पोरांना जाब विचारणारी बाई. अमेरिकेच्या टीव्हीवर अशी बाई दर आठवड्याला घराघरात येत होती, ही साधी गोष्ट नव्हे.

१९९३ ला ती गेली. तिसऱ्या सीझनमध्ये ह्यूबर्ट गरोदर होती, म्हणून मालिकेतल्या मावशीलाही बाळ झालं. चौथ्या सीझनमध्ये बाळ आहे, पण आई दुसरी. तिच्या जागी डॅफ्नी मॅक्सवेल रीड, रंगानं उजळ. भाग सुरू होतो तेव्हा विलचा दोस्त जॅझ घरात येतो, नव्या मावशीकडं बघतो आणि म्हणतो, बाळ झाल्यापासनं तुमच्यात काहीतरी बदल दिसतो. विल कॅमेऱ्याकडं बघतो. प्रेक्षक हसतात.

हे हसणं ध्यानात ठेवा. एका बाईचं काम गेलं आणि त्याचा विनोद झाला. विनोद चांगला जमलाय, मलाबी हसू आलं. पण विनोद जमला म्हणून प्रश्न मिटत नाही. रंगासाठीच बदलली असं मी म्हणत नाही. डॅफ्नी रीडनं काही पाप केलं असंही नाही, तिनं मिळालेलं काम केलं. मी म्हणतो, बदल झाल्यावर पडद्यावर काय उरलं ते बघा. मावशी मवाळ झाली. जाब विचारणारी बाई मागं सरली आणि घर सांभाळणारी पुढं आली. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द अजून छापणाऱ्या मुलखात हे समजावून सांगायची गरज नाही.

त्यानंतरच्या काळात लोकांनी काय ऐकलं? की बाई कटकटी होती. तिच्याबरोबर काम करणं अवघड. मालिकेत तिला स्वतःचं राज्य पाहिजे होतं. हे सांगणारा कोण, तर मालिकेचा हिरो. तो पुढं जगातला मोठा नट झाला. त्याचा शब्द वजनदार. तिचं कोण ऐकणार? तिनं २००९ साली पुस्तक लिहिलं. वेळोवेळी बोलली, चिडून बोलली. २०१७ मध्ये बाकीच्या नटांनी एकत्र येऊन फोटो काढला, त्यात ती नव्हती. तिनं त्यावर फटकारलं. तेव्हा पुष्कळांची प्रतिक्रिया एकच होती, ही बाई कडू झालीय, किती वर्षं तेच घेऊन बसलीय.

आणि मग नोव्हेंबर २०२० मध्ये एचबीओ मॅक्सवर पुनर्भेटीचा कार्यक्रम आला. मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून. दिवाणखाना तसाच उभा केला. तेच सोफे, तीच माणसं, केस पांढरे. जेम्स एव्हरी २०१३ च्या अखेरच्या दिवशी वारला होता. त्याची दृश्यं दाखवली तेव्हा सगळे ढसाढसा रडले. बघणारेही रडले. बापाशिवाय वाढलेल्या किती काळ्या पोरांनी फिल काकाला मनातल्या मनात बाप मानलं होतं. ते रडणं खरं आहे, त्याची टिंगल मी करणार नाही.

मग जॅनेट ह्यूबर्ट येते. विल स्मिथसमोर बसते. सत्तावीस वर्षांनी.

ती काय म्हणाली ते नीट ऐका. तिसऱ्या सीझनमध्ये ती गरोदर होती, घरात नवऱ्याचा छळ होता, सेटवर कुणाला ते ठाऊक नव्हतं. पुढच्या सीझनसाठी करार पुढं आला तो असा, की काम दहाच आठवड्यांचं, पण इतर कुठंही काम करायचं नाही. तान्हं बाळ, नवऱ्याला काम नाही. ती नाही म्हणाली. म्हणजे तिच्या सांगण्याप्रमाणं तिला काढलं नव्हतं, तिनं तो करार नाकारला होता. लोकांत पसरलं ते मात्र वेगळंच. घरचे म्हणाले तू नाव घालवलंस. ती सेटवर बोलेनाशी झाली, कारण विश्वास कुणावर ठेवायचा ते कळेना. आणि शेवटी तिनं स्मिथला सांगितलं की शब्दांनी माणूस मरतो. हॉलिवूडमध्ये काळ्या बाईला एकदा 'कटकटी' म्हटलं की तिचा धंदा संपला. त्यात गडद रंगाच्या बाईला तर आधीच जड.

स्मिथनं ऐकून घेतलं, ही त्याची जमेची बाजू. तेव्हा आपण पोर होतो, सगळ्याचीच भीती वाटायची, तुझीही वाटायची, असं तो म्हणाला. तिला किती लागलं असेल ते आता कळतं, असंही म्हणाला. दोघांनी मिठी मारली. मग बाकीचे आले. पहिली मावशी आणि दुसरी मावशी भेटल्या. पुन्हा रडणं.

माझा खरा विषय इथं सुरू होतो. प्रेक्षकांनी याचं काय केलं?

बहुतेक जण रडले आणि म्हणाले, बरं झालं, जखम भरली. काही म्हणाले, स्मिथचं मन मोठं. काही जणी, विशेषतः काळ्या बाया, म्हणाल्या की सत्तावीस वर्षं कशाला लागली? आणि तिची सगळी उमेदीची वर्षं गेली त्याचं काय? काही थोडे म्हणाले, या सगळ्यात त्याला पुन्हा नावच मिळालं. माझं मत या बायांच्या बाजूचं आहे. पण मला आणखी दोन गोष्टी म्हणायच्या आहेत.

पहिली. त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर काळी बाई, दुसरीवर काळा बाप्या. दहा आठवड्यांचा करार ज्यांनी केला त्यांची खुर्ची कुठं होती? मालिकेच्या निर्मात्यांत क्विन्सी जोन्ससारखा मोठा काळा संगीतकार होता, मालिका रचणारं बोरोविट्झ जोडपं गोरं होतं, वर एनबीसी होतं. तेव्हा हा हिशोब नुसता काळ्या-गोऱ्याचा नाही. तो ज्याच्या हातात कागद असतो त्याचा आहे. पण प्रेक्षकांना दोन माणसांचं भांडण दाखवलं आणि दोन माणसांचा समेट दाखवला. कागद गायब. प्रस्थापिताला हे फार सोयीचं असतं. राबणाऱ्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडावं आणि मालकाला कुणी काही विचारू नये.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांबद्दलच. ज्यांनी मिठी बघून डोळे पुसले त्यातल्या कित्येकांनी आधी तिला कडू म्हटलं होतं. म्हणजे त्या 'कटकटी' शब्दाला खांदा त्यांनीही दिला होता. मिठी झाली आणि तेही सुटले. माफी मागायचा प्रश्नच आला नाही. रडलं की आपण चांगले, असं माणसाला वाटतं. टीव्ही हे फार स्वस्तात देतो.

पण थांबा. प्रेक्षक नुसता भाबडा असतो असं म्हटलं तर तेही खोटं. याच प्रेक्षकांनी सत्तावीस वर्षं 'पहिली मावशी' आणि 'दुसरी मावशी' हा भेद मरू दिला नाही. मालिकेनं विनोद करून बदल पचवायला सांगितला. त्यांनी तो पचवला नाही. मावशी म्हटलं की त्यांना आठवायची ती गुलाबी कपड्यात नाचणारी, वर्गात विलला झापणारी. त्यांनी तिचं नाव, तिचा रंग, तिचा आवाज जपून ठेवला. शेवटी खुद्द स्मिथलाच म्हणावं लागलं की जॅनेटशिवाय ही तीस वर्षं साजरी करता येणार नाहीत. हे त्याच्या मोठेपणानं झालं तितकंच लोकांच्या आठवणीनं झालं. तिला परत आणलं ते लोकांच्या हट्टानं. मग तोच हट्ट मिठीपाशी का संपला? पुढचं का नाही विचारलं? गेलेल्या कामाचं काय, बुडालेल्या पैशाचं काय, असा करार पुढच्या बाईसमोर येऊ नये म्हणून काय?

मला विचाराल तर या कार्यक्रमातला सगळ्यात खरा माणूस जॅनेट ह्यूबर्ट आहे. ती गोड बोलायला आली नव्हती. तिनं तारीखवार सांगितलं. साक्ष दिली. आपल्या आत्मकथनांनी जे केलं तेच तिनं केलं. स्वतःचं दुःख दाखवून टाळ्या मागितल्या नाहीत, कुणी काय केलं ते सांगितलं. अशा साक्षीला उत्तर म्हणून मिठी चालत नाही. मिठी असू द्या, चांगली गोष्ट आहे. पण साक्षीनंतर हिशोब लागतो.

हे मी तुम्हाला का सांगतोय? 'कटकटी', 'भांडखोर', 'हिचं नेहमीचंच' हे शब्द हॉलिवूडनं शोधले नाहीत. ते आपल्या बैठकांतबी आहेत. मीटिंगमध्ये खर्चाचा हिशोब मागणारी, भाषणाला उभी राहिली तर दहा मिनिटं जास्त घेणारी, रात्रीच्या सभेनंतर पोरींना घरी कोण सोडणार ते विचारणारी बाई हळूहळू यायची बंद होते. कुणी तिला काढत नाही. तिच्यासमोर असा करार येतो की तिनंच नाही म्हणावं. मग तिच्या जागी कुणीतरी मवाळ येते आणि आपण एक विनोद करतो. पुढं पंचवीस वर्षांनी वर्धापनदिनाला तिला बोलावतात, शाल घालतात, फोटो काढतात. सगळ्यांचे डोळे ओले.

मावशीनं वर्गात पोस्टर लावणाऱ्या पोराला जे सांगितलं ते आठवा. आणि आपल्या गावात, आपल्या शाखेत अशी कोण होती, ती केव्हापासनं येत नाही आणि तिला शेवटचं काय बोललं गेलं, ते विचारा. शाल नंतर. आधी तिच्या घरी जा, बसा आणि तिचं सगळं ऐकून घ्या. मधे बोलू नका.