गवंड्याचा जामीन

न्यायालयाच्या निकालपत्राचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कित्येकांस वाटेल. परंतु न्यायमूर्ति व्ही. आर. कृष्ण अय्यर ह्यांचीं निकालपत्रें केवळ वकिलांसाठीं लिहिलेलीं नाहींत. वाचकाचें मन वळवूं पाहणारे ते निबंधच आहेत, आणि निबंध म्हणून त्यांचे गुणदोष पाहण्यास हरकत नसावी. आरोपीचें स्वातंत्र्य कीं समाजाची सुरक्षितता, हा जामिनाविषयींचा वाद आपल्याकडे आजहि चालू आहे. त्या वादांत ज्याचा हवाला हटकून दिला जातो, असा त्यांचा १९७८ मधील एक निकाल येथें घेतला आहे.

हकीगत थोडक्यांत अशी. मध्य प्रदेशांतील एका गरीब गवंड्यास जामिनावर सोडावें असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें केला, आणि तपशील ठरविण्याचें काम खालच्या मॅजिस्ट्रेटाकडे सोंपविलें. मॅजिस्ट्रेटानें १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. गवंड्याचा भाऊ पुढें आला, तर तो आणि त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यांतील म्हणून त्यास नाकारण्यांत आलें. गवंड्यास पुन्हां सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें. अखेरीस १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्याचा हुकूम झाला.

कृष्ण अय्यरांची इंग्रजी अलंकारांच्या भारानें वांकलेली असते, आणि कित्येकदां एका साध्या विधानापर्यंत पोंचण्यास वाचकास तीन उपमा ओलांडाव्या लागतात. ह्या निकालांतहि तो दोष आहे. पण दक्षिणेंतला एखादा मजूर उत्तरेच्या दूरच्या गांवीं पकडला गेला तर तेथें त्यानें मिळकतवाला जामीनदार आणावा कोठून, हा प्रश्न ते विचारतात, तेथें मात्र अलंकार आड येत नाहींत. जामिनांत विनाजामीनदार सुटकेचाहि समावेश होतो, हा त्यांचा अर्थ कायद्याच्या शब्दांतून ओढून काढलेला वाटत नाहीं. त्या गवंड्याकडे पाहिल्यावर तो अपरिहार्य वाटतो.

येथें आपल्या भाषेची एक साक्ष काढण्यासारखी आहे. मराठींत जामीन हा मुळांत माणूस. कोणी कोणास ‘जामीन राहतो’, तेव्हां तो आपली पत दुसऱ्याच्या शब्दामागें उभी करतो. आज आपण ‘जामीन मिळाला’ म्हणतों. त्यांत माणूस लोपला आणि सुटका तेवढी उरली. मध्यंतरीं रक्कम येऊन बसली. गवंड्याचा भाऊ हा जुन्या अर्थानें अस्सल जामीन होता. त्यालाच कचेरीनें परत पाठविलें. उलट कोर्टाच्या आवारांत भाड्यानें मिळणाऱ्या जामीनदारास कित्येकदां आरोपीचें नांवहि धड ठाऊक नसतें, पण त्याच्या हातांत दाखला असतो!

एवढें मान्य करूनहि निबंध म्हणून हा निकाल अपुरा वाटतो. आदल्याच वर्षीं राजस्थानच्या एका खटल्यांत ह्याच न्यायमूर्तींनीं आरोपी पळून जाण्याचें, पुन्हां गुन्हा करण्याचें, साक्षीदारांस धमकावण्याचें भय हे अपवाद मोजून सांगितले होते. गवंड्याच्या निकालांत गरिबीचें चित्र इतकें भरून राहिलें आहे कीं, त्या भयाला जागाच उरली नाहीं. ज्या बाईच्या दारावरून तिला मारहाण करणारा उजळ माथ्यानें फिरूं लागतो, तिला राज्यघटनेचें चौदावें कलम ऐकवून काय उपयोग? तिच्या भयाचें उत्तर न दिल्यास तें नाहींसें होत नाहीं. मॅजिस्ट्रेटाच्या लेखणींतून तें रकमेच्या रूपानें उतरतें. मग ती रक्कम सधन गुंड सायंकाळपर्यंत भरतो आणि गवंडी आंत राहतो.

१९७८-७९ मधील आपल्या जामीनविषयक निकालांवर अमेरिकेच्या १९६६ च्या सुधारणेची छाया होती. त्याच अमेरिकेनें १९८४ मध्यें आपला संघीय कायदा बदलला. आरोपी समाजास धोकादायक आहे, एवढ्यावरून त्याला कोठडींत ठेवण्याची मुभा झाली. पण त्यासाठीं सुनावणी हवी, आरोपीस वकील हवा, लेखी कारणें हवींत. शिवाय जी रक्कम भरतां न आल्यामुळें आरोपी अडकून पडेल अशी अट घालण्यास बंदी झाली. १९८७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा ग्राह्य ठरविला. त्यायोगें कोठडींतील माणसें घटलीं नाहींत, उलट वाढलीं. तेव्हां तो आम्ही आदर्श म्हणून पुढें करीत नाहीं. तरी भय रकमेआड न लपवितां उघड बोलावें आणि पुराव्यास सामोरें जावें, ही त्यांतली गोष्ट घेण्याजोगी आहे. कृष्ण अय्यरांच्या लेखणीस ती सहज पेलली असती.

आपल्याकडील स्थिति पाहावी. २०२२ अखेर तुरुंगांतील दर चार माणसांपैकीं सुमारें तीन कच्चे कैदी होते. जामीन मंजूर होऊनहि अटी न पुरवितां आल्यामुळें आंतच राहिलेल्यांची संख्या त्या सुमारास ५,००० च्या घरांत सांगितली गेली. ह्यांच्यापुरता तरी धोक्याचा प्रश्न न्यायालयानेंच निकालांत काढला होता. ३१ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खालच्या न्यायालयांस सुचविलें कीं, स्थानिक जामीनदाराच्या आग्रहानें सुटका लांबत असेल तर ती अट घालूं नये. गवंड्याच्या निकालास तेव्हां ४४ वर्षें उलटून गेलीं होतीं.