पोलिसांवर नजर कुणाची? : 'जय भीम कॉम्रेड'च्या निमित्ताने

आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले; पण बहुतेक शाहिरीच्या अंगाने. विलास घोगरे यांचा आवाज, वस्त्यांतली गाणी, आंबेडकरवादी आणि डावे यांचे नाते, हे सारे चर्चेत आले. मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला, असे मला वाटते. ज्यांच्या हाती बंदूक आहे, त्यांना जाब विचारण्याचा अधिकार नागरिकांच्या हाती आहे काय, हा तो प्रश्न.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चारच दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपविले. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, हे पोलिसांचे समर्थन. पटवर्धनांचे मोठेपण असे, की ते या समर्थनावर नुसते चिडत नाहीत, ते तपासतात. वस्तीतली माणसे येथे केवळ आक्रोश करीत नाहीत, साक्ष देतात. आजवर जिची चौकशी व्हायची, ती वस्तीच येथे चौकशी करते. दलित साहित्याने स्वकथनांतून जे केले, तेच हे काम आहे.

न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरीही पथकप्रमुखाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. चौकशी आयोग सत्य सांगू शकतो, शिक्षा देऊ शकत नाही. सत्य कळूनही काही घडत नाही, हा अनुभव अज्ञानापेक्षा अधिक घातक असतो. आमच्या घरात 'पोलिस ठाण्याची पायरी चढू नये' हीच शिकवण होती. माझे विद्यार्थी आजही तीच घेऊन वर्गात येतात. याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. हा पिढ्यांचा हिशेब आहे.

माझा आक्षेप येथेच आहे. हा माहितीपट रमाबाई नगरातून खैरलांजीपर्यंत जातो, कबीर कला मंचाच्या तरुणांपर्यंत पोहोचतो. पण पोलिसांवर नागरी देखरेख कशी उभी राहील, या रुक्ष प्रश्नापाशी थांबत नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलिस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असेही बजावले. त्यानंतर सातच दिवसांनी खैरलांजी घडले! आदेश दिल्लीत होता आणि भोतमांगे कुटुंब भंडारा जिल्ह्यात. मधले अंतर कुणी कापायचे?

महाराष्ट्राने कायदा बदलला तो २०१४ मध्ये, आणि तोही जिल्ह्याऐवजी महसुली विभागाच्या पातळीवर. गडचिरोलीच्या मजुराने तक्रारीसाठी नागपूर गाठावे. शिवाय राज्य प्राधिकरणात सेवेतील पोलिस अधिकाऱ्यालाही जागा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच खात्याचा माणूस आत बसलेला पाहून कोणता पीडित मन मोकळे करील?

शांतता समितीच्या बैठका, जयंतीच्या मिरवणुकीत पोलिसांना घातलेले हार, यांनी विश्वास निर्माण होत नाही. विश्वास ही मागून घ्यायची वस्तू नव्हे. जाब देऊन कमवायची गोष्ट आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी हा माहितीपट वस्तीवस्तीत जरूर दाखवावा, पण दिवे लागल्यावर घरी जाऊ नये. तेथेच बसून तक्रारी लिहून घ्याव्यात, पोच मागावी, उत्तराची तारीख नोंदवावी. प्राधिकरणात दलित, भटके, आदिवासी आणि स्त्रिया किती, हे विचारावे. गाणे जखम जागी ठेवते. तिच्यावर इलाज करायला मात्र कागद आणि कायदा दोन्ही हाती घ्यावे लागतील.