दमलेल्या आवाजासाठी बांधलेली यमके

बालसाहित्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात 'संस्कार' हा शब्द फार लवकर येतो आणि 'आवाज' हा शब्द जवळजवळ येतच नाही. पुस्तकाने मुलाला काय शिकवले याची चौकशी आपण करतो. ते मोठ्याने वाचताना वाचणाऱ्याच्या जिभेचे काय झाले, याची करत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसते. त्याच्यापर्यंत पुस्तक पोचते ते आई, बाबा, आजी, मावशी यांच्या आवाजातून, आणि तेही बहुधा रात्री, तो आवाज सर्वांत दमलेला असताना. ब्रिटनमधल्या तरुण कुटुंबांत गेली पंचवीस वर्षे ज्युलिया डोनाल्डसन या लेखिकेच्या यमकबद्ध चित्रपुस्तकांची अक्षरशः पारायणे होत आहेत. त्यांच्या यशाचे मूळ मला या दमलेल्या आवाजात दिसते. त्यांची गोष्ट मुलासाठी असते. ओळ मात्र वाचून दाखवणाऱ्यासाठी बांधलेली असते.

ही पुस्तके आता पुण्या-मुंबईच्या दुकानांतही सहज मिळतात आणि परदेशातल्या मराठी घरांत तर असतातच. म्हणून त्यांचा विचार इंग्रजी बालसाहित्याच्या अभ्यासकांवर सोडून देण्याजोगा नाही. शेवटी तो आपल्या भाषेपाशी येऊन पोचतो.

गाण्यातून आलेली ओळ

डोनाल्डसन यांचा जन्म १९४८ साली लंडनमध्ये झाला. ब्रिस्टल विद्यापीठात त्यांनी नाट्य आणि फ्रेंच हे विषय घेतले. तरुणपणी त्या पती माल्कम यांच्याबरोबर रस्त्यावर गाणी म्हणत, पॅरिसमध्येसुद्धा. पुढे बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमांसाठी त्या गाणी लिहू लागल्या. त्यांचे पहिले पुस्तक 'अ स्क्वॉश अँड अ स्क्वीझ' १९९३ साली आले, तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या आसपास होत्या. हे पुस्तक म्हणजे त्यांनीच सत्तरच्या दशकात लिहिलेले एक गाणे होते. घर लहान आहे अशी कुरकुर करणाऱ्या म्हातारीला एक शहाणा माणूस सांगतो, कोंबडी घरात घे, मग बकरी घे, डुक्कर घे, गाय घे. सगळी गर्दी झाल्यावर तो सांगतो, आता एकेकाला बाहेर काढ. तेच घर म्हातारीला ऐसपैस वाटू लागते. ही जुनी लोककथा आहे.

लेखिका गाण्यातून आली, या तपशिलाला मी महत्त्व देतो. गाणे श्वासावर तपासले जाते. रस्त्यावर गाताना एखादी ओळ अडली, तर समोरचा माणूस पुढे निघून जातो. डोनाल्डसन यांच्या ओळींत बहुधा चार ठोके असतात, आणि ते ठोके जिथे पडतात तिथेच इंग्रजी शब्दाचा नैसर्गिक आघातही असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला ओळ आधी मनात जुळवून घ्यावी लागत नाही. ज्याने आयुष्यात कधी कविता मोठ्याने वाचलेली नाही असा बापही पहिल्याच वाचनात ती नीट म्हणतो आणि आपल्याला चांगले वाचता येते, असे त्याला वाटू लागते. या पुस्तकांवर तरुण आईबाबांचा जो जीव आहे, त्यात या भावनेचा वाटा मोठा आहे. पुस्तक आवडते त्याबरोबर ते वाचतानाचे आपण स्वतःही आवडतो.

इथे डॉ. सूस यांच्याशी तुलना उपयोगी पडेल. १९५७ साली आलेले त्यांचे 'द कॅट इन द हॅट' अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे, कारण नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाने ते स्वतः वाचावे हा हेतू होता. तिथे यमक मुलाला पुढचा शब्द ओळखायला मदत करते. डोनाल्डसन यांच्या चित्रपुस्तकांत वाचक मोठा आहे आणि मूल श्रोता आहे. म्हणून शब्दांची निवड मोकळी आहे, वाक्ये लांब जाऊ शकतात आणि पात्रांचे आवाज काढायला वाव राहतो.

गरजेतून जन्मलेला राक्षस

'द ग्रफलो' १९९९ साली निघाले. हस्तलिखित आधी एका प्रकाशकाकडे वर्षभर पडून होते. मग लेखिकेने ते चित्रकार अ‍ॅक्सेल शेफ्लर यांना पाठवले आणि तिथून ते मॅकमिलनकडे गेले. आज त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि भाषांतरांची संख्या शंभराच्या घरात आहे.

गोष्ट साधी आहे. रानातून चाललेल्या उंदराला कोल्हा, घुबड आणि साप एकामागून एक जेवायला बोलावतात. हे आमंत्रण कशाचे आहे ते उंदीर ओळखतो. तो सांगतो, मला ग्रफलोला भेटायचे आहे. आणि त्या प्राण्याचे एकेक भयानक वर्णन रचत जातो. तिघेही पळतात. मग खरोखरचा ग्रफलो समोर उभा राहतो आणि त्याला उंदीरच खायचा असतो. उंदीर त्याला म्हणतो, माझ्या मागून चल, मला सगळे रान घाबरते. परतीच्या वाटेवर तेच तिघे उलट्या क्रमाने भेटतात, ग्रफलोला पाहून पळतात, आणि ग्रफलोला वाटते की ते उंदरालाच भ्याले. शेवटी तोही पळतो.

मूळ कल्पना चिनी आहे. वाघाला आपल्यामागे चालायला लावून त्याची दहशत उसनी घेणाऱ्या कोल्ह्याची ती बोधकथा. डोनाल्डसन वाघच घेणार होत्या, पण वाघाचे इंग्रजी नाव ओळीच्या शेवटी बसेना. तेव्हा त्यांनी 'ओ' या स्वरात संपणारा एक प्राणी बनवला, त्याच्या सुरुवातीला गुरगुरणे ठेवले, आणि ग्रफलो झाला.

हा किस्सा मुलाखतींतून गमतीने सांगितला जातो. मला तो समीक्षेच्या दृष्टीने या पुस्तकाचा गाभा वाटतो. गोष्टीत उंदीर जिवाच्या गरजेपोटी एक प्राणी शब्दांनी घडवतो आणि तो खरा निघतो. गोष्टीबाहेर लेखिका यमकाच्या गरजेपोटी तोच प्राणी घडवते आणि तोही खरा होतो, इतका की त्याच्या नावाने रानवाटा आखल्या जातात. यमक हा अर्थावर चढवलेला दागिना आहे, असे आपण शाळेपासून मानत आलो. इथे यमक आधी आले, अर्थ नंतर.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटावी. पंचतंत्रातला ससा आपण चंद्राचा दूत आहोत असे सांगून हत्तींच्या राजाला तळ्यापासून दूर करतो. उसनी दहशत तीच. आणि लेकीकडे निघालेली, वाटेत जनावरांना बोलण्यात गुंतवून पुढे सरकणारी, परतताना भोपळ्यात बसून त्याच वाटेने येणारी आपली म्हातारी तर या उंदराची सख्खी आजीच म्हणायला हवी. जाताना भेटलेलेच येताना भेटणार हे मुलाला ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्यातच त्याचे सुख असते. लहान मूल घरातले सर्वांत दुबळे माणूस असते. त्याच्याकडे असलेले एकमेव शस्त्र म्हणजे बोलणे. बोलून सुटणाऱ्याची गोष्ट त्याला शंभरदा ऐकावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

पान गाळता येत नाही

गद्य गोष्ट वाचताना दमलेला बाप चार वाक्ये गाळतो. मुलाला संशय येतो, पण पुरावा नसतो. पद्यात तसे करता येत नाही. एक ओळ गाळली की तिची जोडीदार उघडी पडते, आणि तीन वर्षांचे मूल लगेच "चुकलं!" म्हणते. वाचता न येणारे मूल यमकामुळे संहितेचे राखणदार बनते. घरात एरवी सगळ्या चुका त्याच्याच काढल्या जातात. इथे चूक काढायचा अधिकार त्याला मिळतो. पुढे पुढे मोठ्या माणसाने यमकाच्या शब्दाआधी थांबायचे आणि मुलाने तो शब्द भरायचा, असा खेळ सुरू होतो. पाठांतर, अंदाज, शब्दाचा ध्वनी वेगळा काढून ऐकणे, हे सारे त्या थांबण्यात येते. कोणी त्याला शिक्षण म्हणत नाही, म्हणून ते टिकते.

या आवडीला तिथल्या व्यवस्थेचीही साथ आहे. तान्ह्या बाळांच्या घरी मोफत पुस्तके पोचवणारी 'बुकस्टार्ट' ही योजना १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली. सार्वजनिक ग्रंथालयांत बाळांसाठी गाण्या-यमकांचे तास होतात. डोनाल्डसन २०११ ते २०१३ या काळात ब्रिटनच्या 'चिल्ड्रन्स लॉरिएट' होत्या, आणि ग्रंथालये बंद पडू नयेत म्हणून त्या जाहीरपणे बोलत राहिल्या. पुस्तक विकले जाण्याआधी ते मांडीवर पोचावे लागते, याची जाण त्यामागे होती.

आक्षेपांची बाजू

या पुस्तकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हा साचा आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. तीन भेटी, वाढत जाणारी पुनरुक्ती, शेवटी सुखरूप घर. 'स्टिक मॅन' मधला काठीचा बाप किती हाल सोसून नाताळच्या वेळी कुटुंबात परततो, पण तो परतणार याबद्दल शंका नसते. यमक जुळले की जगही जुळते, असा एक भाव त्यांच्या कवितेत आहे. मोठ्या माणसाला त्यात थोडे गुदमरल्यासारखे होऊ शकते.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक म्हणजे शेफ्लर यांची चित्रे. हॅम्बर्गमध्ये जन्मलेल्या या चित्रकाराचे प्राणी गोंडस नाहीत. त्यांचे डोळे जरा जास्तच मोठे, चेहरे किंचित भांबावलेले असतात. ग्रफलोची सुरुवातीची रेखाटने इतकी भीतिदायक होती की त्यांना ती सौम्य करायला सांगण्यात आले, तरी शेवटच्या रूपातही सुळे आणि नखे आहेतच. कवितेची लय दिलासा देत असताना चित्र जरा बेचैन करते. दुसरी गोष्ट, लयीच्या आत ठेवलेला आशय नेहमी बाळबोध नसतो. 'द स्नेल अँड द व्हेल' मध्ये खडकावरची गोगलगाय जग पाहायला देवमाशाच्या शेपटीवर बसून निघते. त्या विस्तारात आपण किती क्षुद्र, हे तिला कळते. पुढे देवमासा किनाऱ्यावर अडकतो, तेव्हा ती शाळेच्या फळ्यावर आपल्या चंदेरी रेषेने मजकूर लिहून गावाला बोलावते. दुबळ्याचे शस्त्र इथेही भाषाच आहे. फक्त आता ते स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या जिवासाठी वापरले आहे. ग्रफलोपासून चार वर्षांत, २००३ पर्यंत, लेखिका इतकी पुढे आलेली दिसते.

मराठीत हे कसे व्हावे

आता आपल्याकडे येऊ. मराठीत मुलांसाठी उत्तम कविता नाही, असे कोणी म्हणू नये. विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' (१९६१) आणि 'एटू लोकांचा देश' (१९६३) यांत जी मोकळीक घेतली, ती कोणत्याही भाषेला अभिमानाची आहे. 'एटू लोक' हेही शब्दांतूनच जन्मले. उत्तम मराठी चित्रपुस्तकेही आहेत. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' पाहावे. पण कविता बहुधा संग्रहात राहिली आणि चित्रपुस्तक बहुधा गद्यात. सबंध गोष्ट एका लयीत पेलणारे, पानोपानी चित्रांबरोबर चालणारे पुस्तक आपल्याकडे विरळा दिसते.

याचे एक कारण भाषेच्या बांधणीत आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे गोष्ट पद्यात सांगू लागलो की ओळी आपोआप 'गेला', 'आला', 'म्हणाला', 'बसला' यांवर येऊन थांबतात. यमक फुकट मिळते, आणि फुकट मिळालेल्या यमकाची मुलाला उत्सुकता नसते. इंग्रजीत ओळीच्या टोकाला नाम सहज येते, म्हणून यमकाच्या जागी वस्तू उभी राहते: प्राणी, झाड, खाऊ. मराठी कवीला तेथे पोचायला शब्दक्रम वळवावा लागतो, आणि तरी बोलण्याचा ओघ राखावा लागतो. शिवाय आपल्या वृत्तांचा हिशेब मात्रांचा आहे, आघातांचा नाही. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. वृत्तात तो कधी मोजला जातो, कधी नाही. ही अडचण न सोडवता लिहिलेली ओळ कागदावर बिनचूक दिसते आणि मांडीवरच्या मुलाला वाचून दाखवताना अडखळते. म्हणूनच इंग्रजी यमकांच्या ओळीस ओळ भाषांतराकडून मला फारशी आशा नाही. वाघाऐवजी ग्रफलो आणण्याचे स्वातंत्र्य ज्या लेखिकेने घेतले, तिच्या मराठी अनुवादकाने प्राणीही नवा करावा, त्याचे नाव मराठी कानाला भीतिदायक आणि मराठी ओळीच्या शेवटी सोयीचे असावे.

यात केवळ वाङ्मयीन हौस नाही. अनेक मराठी घरांत आज मुलाशी मराठी बोलली जाते ती 'जेव', 'हात धू', 'पसारा आवर', 'आता झोप' इतकी. त्यानंतर दिवा मंद करून जे पुस्तक उघडले जाते ते इंग्रजी असते. म्हणजे हुकूम मराठीत आणि गंमत इंग्रजीत. मुलाने कोणत्या भाषेवर प्रेम करावे, याचा निकाल तिथेच लागत असतो, शाळेचे माध्यम ठरण्याच्या कितीतरी आधी. दोष आईबाबांचा नाही. रात्री नऊ वाजता त्यांना अशी ओळ हवी असते, जी त्यांच्या थकलेल्या जिभेला स्वतःच चालवील. तशी ओळ इंग्रजीत तयार मिळते, म्हणून ते ती घेतात.

मराठी प्रकाशकांना आणि कवींना माझी एक साधी विनंती आहे. मुलांच्या पद्य पुस्तकाचे हस्तलिखित आले की ते संपादकाने वाचू नये. ते कविता न वाचणाऱ्या, दिवसभर काम करून आलेल्या माणसाच्या हाती द्यावे, पूर्वतयारी करू न देता मोठ्याने वाचायला सांगावे, आणि तो जिथे जिथे अडखळेल तिथे तिथे पेन्सिलीने खूण करावी. एकही खूण उरेपर्यंत ते पुस्तक छापू नये.