'पात्र' आणि 'अपात्र'

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला नायक नोकरीच्या गावी खोली शोधतो, आणि त्यासाठी त्याला जात लपवावी लागते. २०१८ साली अमलात आलेली मुंबईची विकास नियंत्रण नियमावली मी या कथेशेजारी ठेवून वाचली. तिच्यात जात कुठेच नाही, चटईक्षेत्र आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घर ३०० चौरस फुटांचे, दाटी हेक्टरी किमान ६५० गाळ्यांची. बिल्डरला बदल्यात खुल्या बाजारात विकायला वेगळी इमारत. गावकुसाची रेघ एकाच भूखंडावर पुन्हा ओढली गेली!

परंतु मला खटकतो तो 'पात्र' हा शब्द. २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर फुकट, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, त्यानंतरचा 'अपात्र'. पात्रता दानाला पाहतात. हक्काला कशाला हवी?

'घर तर मिळते ना?' असे आमचेच काही मित्र विचारतात. मिळते, आणि पत्र्याखाली पावसाळे काढलेल्याला ते थोडके नाही. तथापि पलीकडच्या विक्रीच्या इमारतीत भाड्याने खोली मागायला गेले, की आधी आडनाव विचारतात, मग खाणेपिणे. त्यावर नियमावलीत एकही कलम नाही.