नहरांचें कौतुक आणि सांडपाण्याचा विसर

औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, पूर्वेस जालन्याच्या वाटेवर शेंद्रा हें गांव आहे. तेथील नव्या उद्योगनगरीचें उद्घाटन २०१९ सालीं झालें. तींत सांडपाणी शुद्ध करून पुन्हां वापरावें अशी योजना आहे. वाचकांस ही कल्पना ह्या प्रांतांत अगदीं नवी वाटेल. तशी ती वाटावी ह्याचा दोष आम्ही योजनाकारांस देत नाहीं. तो आम्हां इतिहाससंशोधकांचाच आहे.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली व पुढें डोंगरांतलें पाणी खापरी नळांनीं गांवांत आणलें, ह्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. उगम कोठें, नळ कोणत्या वाटेनें आले, हवा सुटण्याचे मनोरे कोठें, हा तपशील वाचून समाधान होतें. पण पाणी हौदांत पडलें कीं लेखणी थांबते. तें घराघरांतून मोरीवाटे बाहेर पडल्यावर कोठें गेलें, हा प्रश्न क्वचितच कोणास सुचतो.

पाणचक्कीचेंच घ्या. तेथें आणलेल्या पाण्यानें बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यांतील फकिरांचें व यात्रेकरूंचें दळण होई. पाण्यानें हौदही भरे. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचें छत, त्यामुळें दालन गार राही. एका पाण्याचीं इतकीं कामें! वर्णनकार मात्र कारंज्याच्या तुषारांतच रमतो. अर्थात् हें स्वच्छ पाणी होतें. मोरीच्या पाण्याशीं त्याची गल्लत करूं नये.

मोरीच्या पाण्याचा पुरावा परसांत व भाषेंत शोधावा लागतो. न्हाणीचें पाणी केळीला, अळवाला सोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मैल्याच्या खतास ‘सोनखत’ हा शब्द आहे. ज्या वस्तूस सोनें म्हटलें, ती वाहणारास मात्र गांवानें दूर ठेविलें. ही प्रथा बंद करण्यासाठीं १९९३ व २०१३ असे दोनदां कायदे करावे लागले. कणकवलीजवळ गोपुरी येथें अप्पासाहेब पटवर्धनांनीं स्वस्त संडास आणि खत ह्यांचा मेळ घालून दाखविला, तोही ह्याच अन्यायावर उपाय म्हणून.

आतां संग्राहकांविषयीं. फर्मान, सनद, महजर हे रेशमी रुमालांत राहतात. मोरीच्या तंट्याचा कागद, शेतखाना कोठें काढावा ह्याचा कजिया, झाडलोटीच्या पगाराचें टिपण हीं रद्दींत जातात. गरिबांच्या वस्तींतून कोणाचें पाणी कोणाच्या दारावरून वाहत होतें, हें कळलें तर अशाच कागदांवरून कळेल. आम्हीं स्वतः असें एक बाड क्षुल्लक म्हणून परत केलें होतें. पुढें चौकशी केली, तों तें वाण्याकडे गेलेलें!

औरंगाबाद, चिकलठाणा, शेंद्रा ह्या बाजूचीं जुनीं खरेदीखतें ज्यांच्याकडे असतील त्यांनीं चतुःसीमेंतील मोरी, नाला, शेतखाना ह्यांचे उल्लेख उतरून पाठवावे. मोडी वाचण्याची अडचण असल्यास मूळ कागद पाहून नक्कल करून देण्यास आम्ही तयार आहों.